अर्ज, चहा दोन

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खिशातली डायरी माझ्याकडे आहे. तळहाताएवढी, लाल रेक्झिनची, १९९७ सालची. खता-बियाण्यांच्या दुकानदाराने गिऱ्हाइकांना वाटलेली. आत आण्णांचं तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर. बाजरीचं बियाणं किती, कुणाला उसने दिले, शेरडं कितीला गेली. आणि जुलैपासून पुढे मध्येच कुठेतरी एक सुटा आकडा, भोवती गोल केलेला. ७ जुलैला ९. १४ जुलैला ९. २१ जुलैला ५, २४ ला ५. ७ ऑगस्टला २. ११ ला १, १४ ला १. आणि मग २१ ऑगस्ट, गुरुवार. तिथे आकडा नाही. तिथे लिहिलंय : 'फलटण. अर्ज. चहा दोन.'

हे आकडे माझे. डी.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाच्या, प्रतीक्षा यादीतले.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आठेक किलोमीटर आत. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या बारावी झालेल्या मुलीला डी.एड. म्हणजे काय होतं, हे आज समजावून सांगणं कठीण आहे. मेडिकल, इंजिनिअरिंग ही नावं आम्ही ऐकून होतो, पण त्यांचा आमच्याशी काही संबंध आहे असं कधी वाटलं नाही. डी.एड.चं तसं नव्हतं. बारावीनंतर दोन वर्षं, आणि मग जिल्हा परिषदेची नोकरी. आमच्या शाळेत एक बाई होत्या, लुनावर यायच्या. पर्समधून स्वतःचे पैसे काढून द्यायच्या, कुणाला न विचारता. मला लहानपणी शिकवण्याची आवड वगैरे होती की नव्हती, आठवत नाही. त्या पर्सची चेन उघडल्याचा आवाज आठवतो.

प्रवेश बारावीच्या गुणांवर. कला, विज्ञान, वाणिज्य यांच्या याद्या वेगळ्या, मुला-मुलींच्या वेगळ्या. साताऱ्याची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, साताऱ्यात नाही, फलटणला आहे. तिथे यादी लागायची. मला कला शाखेत ६०० पैकी ४१६ गुण होते, ६९.३३ टक्के. कॉलेजात मुलींत दुसरी आले होते, पेढे वाटून झाले होते. गुणवत्ता यादी ४१८ वर थांबली. मी प्रतीक्षा यादीत, नववी.

आण्णा पहिल्यांदा गेले त्या आठवड्यात फलटणला माउलींची पालखी होती. गावभर वारकरी, गाड्या वळवलेल्या, मोगराळे घाट उतरून खाली पोचायलाच दुपार झाली. जाळीच्या दाराआड लावलेली ती टाइप केलेली यादी त्यांनी बोट ठेवून वाचली, आणि येताना पालखीचं दर्शन घेऊन आले. घरात शिरता शिरता म्हणाले, "नाव हाय."

आई म्हणाली, "मग झालं की."

"वेटिंगला हाय."

वेटिंग हा शब्द गावाला एसटीमुळे नाही, रेल्वेमुळे नाही, माझ्यामुळे कळला असं म्हटलं तरी चालेल. पाण्याला गेलं की बायका विचारायच्या, "लागलं का न्हाई लागलं, ते एक सांग." मला सांगता यायचं नाही. लागलं नव्हतं आणि लागलं नाही असंही नव्हतं. नापास झालेल्या मुलीला कसं वागायचं हे ठाऊक असतं. घर चार दिवस गप्प राहतं आणि मग कामाला लागतं. पास झालेलीलाही ठाऊक असतं. मला कुणाकडे बघून वागावं, हेच कळत नव्हतं. नवीन चप्पल घ्यायची की नाही, मैत्रिणीची पुस्तकं परत द्यायची की ठेवायची, दळण मी करायचं की आता आईनेच सवय करायची, असल्या बारीक गोष्टींवर येऊन सगळं अडायचं.

मधल्या काळात तालुक्याच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला नाव घालायचं ठरलं. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागत. आण्णांचं म्हणणं, एल.सी. हातातून सोडायची नाही. अस्सल कागद एकदा तिथे गेला आणि इकडे बोलावणं आलं, तर तो काढून आणेपर्यंत दोन दिवस जायचे, आणि तेवढ्यात पुढच्या नंबराला बोलवायचे. कॉलेजातल्या हेडक्लार्कनी त्यांच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि झेरॉक्सवर भागवलं. त्या माणसाचं मला अजून अप्रूप वाटतं. आता स्वतः दाखले देण्याच्या खुर्चीच्या जवळपास बसते, तेव्हा कळतं की अशी सवलत देणाऱ्याला वरून काय काय ऐकावं लागू शकतं.

बोलावणं पोस्टाने येणार होतं, पण आमचा पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. हजर व्हायला मुदत तीन दिवसांची. म्हणून आण्णा स्वतः जायचे, आधी सोमवारी, मग सोमवारी आणि गुरुवारी. भाड्यासाठी जुलैच्या शेवटी एक करडू विकलं. ते डायरीत आहे. आईला ते आवडलं नाही, हे डायरीत नाही.

माणदेशात आषाढात पाऊस कमी आणि वारं फार. पत्र्यावर धोंडे ठेवावे लागतात. पेरणी होऊन बाजरी तिफणीच्या ओळीत उभी असते आणि ढग वरून नुसते पळत असतात, कोकणातून सोलापूरकडे. आण्णा संध्याकाळी एसटीतून उतरून आले की आधी वर बघायचे, मग माझ्याकडे. दोन्ही बातम्या त्यांच्याकडे एकाच वेळी असायच्या आणि बहुतेक वेळा त्या सारख्याच असायच्या. "हाय तितंच हाय." नऊचे पाच झाले त्या दिवशी मात्र त्यांनी मोटारस्टँडवरून भेळ आणली होती. वरच्या चौघी कुठे कुठे गेल्या असं कुणीतरी सांगितलं होतं. एकीला नर्सिंग मिळालं, दोघी दुसऱ्या जिल्ह्याच्या यादीत वर लागल्या. मी तो कागदी पुडा उलगडून भेळ खाल्ली आणि त्या चौघींना मनातल्या मनात आशीर्वाद दिले. सगळ्या वर गेल्या, बऱ्या ठिकाणी गेल्या, म्हणून मी सरकले. प्रतीक्षा यादी अशीच हलते, असं मी धरून चालले होते.

त्याच दिवसांत मामा एक स्थळ घेऊन आले. मुलगा मिलिटरीत, सुट्टीवर आलेला. आमच्या भागात हे काही वाईट स्थळ नव्हे, उलट फार चांगलं. ते बघायला आले, मी पोहे नेऊन ठेवले, मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पुढं काय करतीस?" मी म्हटलं, "डी.एड.ला नंबर आहे." मामांनी लगेच जोडलं, "वेटिंगला." त्यांना दोष देत नाही. ते खरंच होतं. जाताना ठरलं ते असं : डी.एड. लागलं तर विषय थांबवायचा, नाही लागलं तर तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा. आईने त्या रात्री भाकरी थापताना मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "तुला काय वाटतं ते मला सांग. मी त्यांच्याशी बोलंन." मी म्हटलं, थोडं थांबू. आणखी काय म्हणणार? माझ्या हातात दुसरं काही नव्हतंच.

१५ ऑगस्टला स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. गावात प्रभातफेरी निघाली, शाळेत मुलांना लाडू वाटले, लुनावाल्या बाई मला बघून मुद्दाम थांबल्या. "कितवा?" "पहिला," मी म्हटलं. "अगं मग आलंच की!" त्या म्हणाल्या. पण पहिल्या नंबरावर येऊन चार दिवस झाले होते आणि प्रवेश संपत आले होते. नववीला असताना मला नीट झोप लागायची. पहिलीला लागेना. एकच मुलगी, जिल्ह्यात कुठेतरी, हललेली मला पुरली असती. मी रात्री अंधारात त्या एका मुलीचा विचार करायचे. तिला मेडिकल मिळू दे, म्हणायचे. कलाशाखेच्या मुलीला मेडिकल कुठून मिळणार, हे कळत असूनही.

२१ ऑगस्टला आण्णा उशिरा आले. मुक्कामी गाडीने. ओसरीवर बसून चपला काढल्या, पाणी मागितलं, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "उद्या निघायचं. एल.सी. काढून ठेव." आई रडायला लागली. मी कुठे काय शोधत होते कोण जाणे, पेटीतले सगळे कपडे बाहेर काढले. आण्णा जेवले नाहीत. दमलेत, असं आम्ही धरलं.

पुढचं भराभर सांगण्यासारखं आहे. दोन वर्षं वसतिगृह, पांढरी साडी, निळे काठ, पाठांची टाचणं, गोंदाने बरबटलेली बोटं. शिक्षणसेवक योजना २००० साली आली आणि पहिल्या तुकड्यांमध्येच मी लागले, महिना ३००० रुपये मानधन, तीन वर्षं. नेमणूक पाटण तालुक्यात. ढग पळताना बघत वाढलेल्या मुलीला असा पाऊस मिळाला की जूनमध्ये वाळत घातलेली साडी चुलीवर धरून सुकवावी लागे. पहिल्या मानधनातून मी आण्णांना जाडी काच असलेला चष्मा घेतला आणि आईला पर्स. चेनवाली. ती तिने कधी वापरली नाही, कपाटात कापडात गुंडाळून ठेवली.

२०१४ च्या दिवाळीत मी माहेरी होते. आण्णांची तब्येत उतरली होती. टीव्हीवर कुठल्यातरी प्रवेशाच्या घोळाची बातमी चालू होती, त्यावरून मी सहज म्हटलं, "माझ्या वेळी बरं झालं, शेवटी कुणालातरी दुसरीकडे चांगलं मिळालं असेल."

आण्णा म्हणाले, "न्हाई."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी फराळाचं ताट आत नेऊन ठेवून आले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं.

त्या गुरुवारी फलटणला ऑफिसबाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी एक माणूस बसला होता. धोतर, मळकी टोपी, गुडघ्यावर प्लास्टिकची पिशवी. आण्णांच्या खिशाला पेन दिसलं म्हणून त्याने विचारलं, "पाव्हणं, एक अर्ज लिहून देता का?" आमच्याकडे हे नेहमीचं. कचेरीच्या दारात पेनवाल्याला कुणीही अर्ज लिहायला सांगतं आणि कुणी नाही म्हणत नाही. आण्णांनी कागद मागितला, पिशवीतून वहीचं पान निघालं, डायरीवर ठेवून त्यांनी वर तारीख घातली, 'प्रति' लिहिलं, आणि विचारलं, "विषय काय?"

"पोरीचं नाव काढायचं हाय."

मुलगी. कला शाखा. आमच्याच गटातली. आण्णा म्हणाले, "त्याच टायमाला माझ्या ध्यानात आलं."

त्यांनी कारण विचारलं. लग्न ठरलं होतं. सासरची माणसं शिकवायला तयार नव्हती, हुंड्यात मात्र सवलत देत होती, आणि मागे आणखी दोन मुली होत्या. आण्णांनी पेन खाली ठेवलं. त्याला चहाच्या टपरीवर नेलं, दोन चहा सांगितले. म्हणाले, "थांबा की चार दिस. दोन वर्सं काय हां हां म्हणता जातील. पोरगी नोकरीला लागली तर तुमच्याच मागच्या दोघींना उजवंल." तो माणूस ऐकत होता. मान हलवत होता. चहा संपला. मग म्हणाला, "तुमचं खरं हाय. पण शब्द दिलाय." आणि पुन्हा बाकावर येऊन बसला, कागदाकडे बघत.

"मी आणखी एकदा म्हणायला पायजे हुतं," आण्णा म्हणाले. "म्हणालो न्हाई. मला तू दिसाय लागलीस."

त्यांनी अर्ज लिहिला. 'माझ्या मुलीचा विवाह निश्चित झाल्याने तिचा प्रवेश रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती.' त्या माणसाने खाली अंगठा उठवला. शाई आण्णांच्या बोटांनाही लागली. तासाभराने कारकुनाने बाहेर येऊन माझं नाव पुकारलं, तेव्हा तो माणूस अजून तिथेच होता, गाडीची वाट बघत. ज्या पेनाने त्याचा अर्ज लिहिला त्याच पेनाने आण्णांनी माझ्या नावापुढे सही केली. त्याने ती बघितली का, हे आण्णांना माहीत नव्हतं. "बघितली आसंल," एवढंच म्हणाले.

सतरा वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लिहिला नसता तर दुसऱ्या कुणी लिहिला असता. ते खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही, हे बोलतानाच मला कळत होतं. मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. गाव कोरेगावच्या बाजूचं असावं. २०१७ साली आण्णा गेले. आता त्या मुलीपर्यंत पोचायला मला काही धागा नाही. ती माझ्याच वयाची. यादीत ती माझ्या वर होती. म्हणजे ती माझ्याहून हुशार होती, कागदावर तरी निश्चित. एवढंच मला तिच्याबद्दल पक्कं माहीत आहे.

त्यानंतर मी ती डायरी पेटीतून शोधून काढली.

ज्या जागेसाठी एवढं झालं, त्या जागांचं पुढे काय झालं तेही सांगते. दोन हजार सालानंतर गल्लीबोळांत डी.एड. कॉलेजं निघाली. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच आहेत का ते मोजलं गेलं, भरती आटली, २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, नंतर भरतीचं पवित्र पोर्टल. नोकरीची वाट लांबत गेली तशी मुलं येईनाशी झाली. आमचं अध्यापक विद्यालय बंद पडलं. त्या रस्त्याने जाताना मी एकदा थांबले होते. वर्ग कुलपात, आवारात कुणाचा तरी मका वाळत घातलेला. खिडकीतून बाकं दिसत होती, एकावर एक रचलेली. कुणीही येऊन बसावं इतकी मोकळी. माझ्या पोटात तेव्हा जे तुटलं ते शाळा बंद पडल्याचं होतं, पण त्याहून जास्त त्या मुलीचं होतं.

आता मी माणमध्येच बदलून आले आहे. बारावी झालेल्या मुलींचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं हे माझं न नेमलेलं काम. पालकांच्या हातात फोन आहेत, पण ओटीपी आला की घाबरतात. त्यामुळे लॉगिन, पासवर्ड सगळं माझ्या वहीत. आता जाळीचं दार नाही, बोट ठेवून वाचायची यादी नाही. फेरीचा निकाल रात्री फोनवर येतो. नंबर का सरकला, कोण गेलं, कुठे गेलं, काही कळत नाही. आकडा तेवढा बदलतो. आया फोन करतात, "बाई, पुढं सरकला!" मी आनंदाने "हो, हो" म्हणते. मुलीला मार्कशीट, एल.सी., जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर एका फायलीत घालून तयार राहायला सांगते. ज्यांनी दुसरीकडे पक्कं केलंय त्यांच्या मागे लागते, की पहिली जागा आजच सोडा, शेवटच्या तारखेपर्यंत धरून बसू नका, उशिरा सोडलेली जागा पुष्कळदा कुणाच्याच कामी येत नाही. यात मी कडक आहे. पण फोन ठेवल्यावर दरवेळी थोडा वेळ तशीच बसते.

२०२४ च्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला नर्सिंगला जागा मिळाली. पहिल्याच फेरीत. आठ दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. मधली सुट्टी होती, मुलं खिचडी घेत होती. ते दाराशीच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तेवढं कॅन्सल करून द्या. पासवर्ड तुमच्याकडं हाय."

मी कारण विचारलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. शाळेत चहा होत नाही, म्हणून पोरांना पाठवून समोरच्या घरून दोन कप मागवले. आम्ही ओट्यावर बसलो. त्यांचं म्हणणं मी सगळं ऐकलं. त्यात वाईट हेतू कुठेच नव्हता, कर्ज होतं, धाकटा मुलगा होता, स्थळ चांगलं होतं, आणि शब्द दिलेला होता. मी म्हटलं, थांबा चार दिवस. ते म्हणाले, "खरं हाय तुमचं." चहा संपला. तेव्हा मी आणखी एकदा म्हटलं. मग संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि तिच्या आईला म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांचा नंबर घेऊन त्यांना फोन लावला. लग्न करा, पण ते तिच्या परीक्षांच्या मधल्या सुट्टीत करा, म्हटलं. तीन दिवस मी फोनवर ते लॉगिनचं पान उघडलं नाही, कुणी डोळ्यांत पाणी आणून मागितलं तर हात हलेल या भीतीने. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. वसतिगृहाला गादी न्यावी लागते का, असं विचारत होते.

ती गेली. गादी घेऊन, मोगराळे घाट उतरून, आण्णा जायचे त्याच रस्त्याने.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीतही पहिल्या नंबरावर कुणीतरी होती. तिच्या घरीही कुणीतरी दर तासाला फोन उघडून बघत असणार. आणि तो आकडा, माझ्यामुळे, जिथे होता तिथेच राहिला होता.